बदललेला सायलेन्सर, बंद केबिन आणि ड्रायव्हरची डोकेदुखी

१ ऑक्टोबर २०२५ पासून देशात तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी असणं बंधनकारक झालं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्येच काढली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी 'पीयूसी नाही तर इंधन नाही' हे धोरण जाहीर केलं. आणि नागपूरसह राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले 'मॉडिफाइड' सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो तर आपण अधूनमधून पाहतोच.

या तिन्ही बातम्या पेपरच्या वेगवेगळ्या पानांवर येतात. डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर त्यांचा विषय एकच आहे: इंजिनातून निघालेला धूर शेवटी कोणाच्या छातीत जातो? सायलेन्सरची चर्चा आपल्याकडे बुलेटच्या फटाक्यांपाशी सुरू होते आणि दंडापाशी संपते. ट्रक, टेम्पो आणि पिकअपचा एक्झॉस्ट बदलला जातो तेव्हा आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना होतोच, पण धुराचा पहिला घोट ड्रायव्हर आणि क्लीनर घेतात. म्हणून हे लिखाण मुख्यतः त्यांच्या घरच्यांसाठी आहे. घरातला माणूस आठवडाभर केबिनमध्येच जेवतो-झोपतो आणि परतल्यावर 'डोकं जड वाटते' म्हणतो, अशा घरांसाठी.

बदल नेमका कुठे होतो

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो आणि एका जाड बिडाच्या भागात गोळा होतो. तो मॅनिफोल्ड. आजच्या बहुतेक डिझेल ट्रकमध्ये तिथून तो टर्बोत, मग धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत आणि शेवटी सायलेन्सरमधून बाहेर जातो. काही लोक हा बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्याजागी प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा पाइप असलेला 'हेडर' बसवतात. कल्पना अशी की वायूला वाट मोकळी मिळाली की इंजिन हलकं चालेल, ताकद वाढेल, डिझेल वाचेल.

मी मेकॅनिक नाही. पण यामागचा हिशेब समजायला मेकॅनिक असावं लागत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात, विशेषतः शर्यतीच्या गाड्यांत, हेडरचा फायदा होतो. टर्बो असलेल्या डिझेल ट्रकमध्ये त्याच वायूच्या जोरावर टर्बो फिरत असतो, त्यामुळे नुसते पाइप बदलून हाती फारसं लागत नाही. जोखीम मात्र वाढते. बिडाचा मॅनिफोल्ड जाड असतो, उष्णता आणि हादरे सहन करतो. पातळ पत्र्याच्या पाइपला घाट चढताना शेकडो अंश तापायचं असतं, उतारावर थंड व्हायचं असतं आणि वर खड्ड्यांचे हादरे. वेल्डिंगच्या जोडाला बारीक चीर जाते किंवा गॅस्केट बसत नाही, आणि धूर तिथूनच फुसफुसू लागतो. टर्बोच्या आधीच्या भागात वायू दाबाखाली असतो, त्यामुळे तिथली गळती जोरात होते.

आता आपल्याकडच्या ट्रकची रचना डोळ्यांसमोर आणा. इंजिन ड्रायव्हरच्या पायाखाली किंवा दोन सीटच्या मध्ये असतं. जुन्या गाड्यांत त्या झाकणावरच क्लीनर गोधडी टाकून झोपतो. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं, वायरिंगसाठी पाडलेलं भोक तसंच उघडं. सायलेन्सरच्या टोकाला काय होतं ते मागच्या वाहनाला कळतं; मॅनिफोल्डपाशी काय होतं ते वर बसलेल्याच्या नाकाला.

मोटार वाहन नियमांनी याचा विचार १९८९ मध्येच केला आहे. धुराचा पाइप खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे सोडायचा, आणि इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर दूर ठेवायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. रस्त्याची डावी बाजू म्हणजे पायी चालणाऱ्यांची, बसथांब्याची. हे नियम रुक्ष वाटतात, पण ते फुफ्फुसांचे आणि भाजण्याचे नियम आहेत.

एसीमुळे काय बदलतं

एसीचा नियम चांगलाच आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या केबिनमध्ये तो त्याहून वर असतो. उष्माघाताचे रुग्ण पाहिलेला कोणताही डॉक्टर या नियमाच्या बाजूनेच बोलेल. पण एसी लावला की काचा बंद होतात. आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं की बाहेरची ताजी हवा जवळजवळ थांबते. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद केलं की एसीही बंद होतो, म्हणून कळमना मार्केटला किंवा वाडी-कापसीला नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून झोपतो. जुन्या ट्रकला बाहेरून एसी बसवून घेणारेही आहेत. त्यासाठी केबिनला आणखी एक-दोन भोकं पडतात. खिडकी उघडी होती तोवर गळका मॅनिफोल्ड खपून जात होता. बंद केबिनमध्ये तो खपत नाही.

केबिनमध्ये जे शिरतं त्याचे तीन भाग करू.

पहिला कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे थोडा वायूही पुष्कळ जागा अडवतो. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मोबाइलवर फिरणारे मेसेज सगळं एकाच मापाने मोजतात. चांगल्या स्थितीतल्या डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तुलनेने कमी असतो. पेट्रोल आणि सीएनजीच्या धुरात तो बराच जास्त असू शकतो, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर. म्हणजे सीएनजीवरचा छोटा हत्ती किंवा इको यांच्या एक्झॉस्टशी खेळणं या बाबतीत मोठ्या ट्रकपेक्षा अधिक धोक्याचं. (कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंसाठी इकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. चोरीनंतर स्वस्तातला साधा पाइप जोडून गाडी तशीच चालवत असाल तर हे तुम्हालाही लागू आहे.) डिझेल ट्रकमध्ये जीव जाण्याइतकी विषबाधा क्वचित होते, पण नोझल बिघडलेलं, पंप वाढवलेला, चीर केबिनखाली आणि काचा रात्रभर बंद असं सगळं जुळून आलं तर ती होऊ शकते.

बंद जागा आणि एक छोटं भोक काय करू शकतं याचं उदाहरण केरळात घडलं. डिसेंबर २०२४ मध्ये वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हानमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा धूर खालच्या भोकातून आत आल्याचं तपासात पुढे आलं. तिथे जनरेटर होता, ट्रकचं इंजिन नव्हतं. पण एसी चालू, माणसं झोपलेली, खालून गळती ही रचना तीच.

दुसरा भाग नायट्रोजनचे ऑक्साइड. ते डोळे, नाक, घसा जाळतात, श्वासनलिका आकसवतात. दमा असलेल्याला याचा त्रास लगेच होतो.

तिसरा काजळी. डिझेलच्या धुरातले कण इतके बारीक असतात की नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला 'माणसात कर्करोग करणारा' या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. तंबाखू त्याच गटात आहे. गट एक म्हणजे धोका सारखाच असा अर्थ होत नाही, पुरावा तितकाच पक्का असा होतो. बिडी ओढणारा ड्रायव्हर 'धुराने काय होते' म्हणतो तेव्हा त्याच्या छातीत दोन्ही धूर जमा होत असतात.

रुग्ण काय सांगतो, आणि काय सांगत नाही

दवाखान्यात कोणी 'मॅनिफोल्ड लीक आहे' म्हणून येत नाही. तो म्हणतो, डोकं दुखते, मळमळते, झोप झाली तरी अंग मोडून आल्यासारखं वाटते. ताप नसतो. पित्त, उन्हं, जागरण, नजरेचा नंबर, बीपी अशी कारणं सुचतात आणि गोळी दिली जाते. ती कारणंही खरी असू शकतात. फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात. गाडीत बसल्यावर त्रास वाढतो आणि घरी, सुट्टीच्या दिवशी कमी होतो का? त्याच गाडीतल्या क्लीनरला किंवा दुसऱ्या ड्रायव्हरलाही असंच होतं का? आणि हल्ली गाडीचा सायलेन्सर, मॅनिफोल्ड किंवा एसीचं काही काम केलं का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर माणसाबरोबर गाडीचीही तपासणी करावी लागते. हे प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तर तुम्ही स्वतःहून सांगा. 'मी ट्रक चालवतो' इतकं पुरत नाही. 'केबिनमध्ये धुराचा वास येतो' हे सांगा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर यात विसंबू नका. कोविडनंतर तो घरोघरी आहे आणि ९८ दिसलं की सगळे निश्चिंत होतात. साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजनने भरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. विषबाधा झालेल्या माणसालाही तो छान आकडा दाखवतो. खरं मोजमाप कार्बॉक्सिहिमोग्लोबिनच्या रक्ततपासणीने होतं आणि ती सोय मोठ्या रुग्णालयांत असते. तिथेही वेळ महत्त्वाची. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात. रात्री त्रास झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त दिलं तर अहवाल नॉर्मल येईल आणि सगळे म्हणतील, काहीच नव्हतं. शिवाय बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ही पातळी मुळातच थोडी वाढलेली असते. ती किती ओढता हे खरं सांगितलं तरच अहवालाचा अर्थ लागतो.

केबिनमध्ये कोणी गुंगीत, बरळताना किंवा उठवूनही न उठणाऱ्या अवस्थेत सापडलं तर दारं उघडा, इंजिन बंद करा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. दारू प्यायला असेल असं गृहीत धरून त्याला तसंच झोपू देणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. वाचवायला जाणाऱ्यानेही बंद केबिनमध्ये जास्त वेळ थांबू नये. कार्बन मोनॉक्साइडची मोठी बाधा झालेल्या काहींना बरं वाटल्यानंतर काही दिवसांनी-आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं, स्वभावात बदल असं दिसू शकतं. तेव्हा 'आता ठीक आहे' म्हणून पुढची तपासणी टाळू नका. मालकाच्या किंवा ड्रायव्हरच्या कुटुंबातली गरोदर स्त्री कधीमधी गाडीतून जाते, तिच्या बाबतीत अधिक काळजी हवी. बाळाच्या रक्तातून हा वायू आईच्या रक्तापेक्षा सावकाश उतरतो.

डीपीएफ कापणं आणि 'युरिया' बंद करणं

हेडरपेक्षाही मला काळजी वाटते ती याची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. अवजड डिझेल वाहनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मधल्या ३.५ ग्रॅमवरून ०.४ च्या आसपास आली, प्रति किलोवॉट-तास. हे साधण्यासाठी ट्रकला दोन गोष्टी लागतात. काजळी पकडणारी जाळी म्हणजे डीपीएफ, आणि ड्रायव्हर ज्याला 'युरिया' म्हणतात ते द्रव फवारून नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करणारी यंत्रणा. डीपीएफ चांगला असेल तर नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी आतच अडते.

डीपीएफ चोंदतो, दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते, दुरुस्ती महाग असते. युरियाचा खर्च रोजचा. मग कोणीतरी सुचवतो: जाळी कापून टाक, सेन्सरला फसवणारा डबा लाव. हे करणारा माणूस काही खलनायक नसतो. त्याचा हप्ता थकलेला असतो आणि माल वेळेत पोचवायचा असतो. पण त्यामुळे बीएस-६ चे पैसे मोजून घेतलेली गाडी जुन्या काळातला धूर सोडते. मोठ्या कंपनीनेही हेच केलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चोरी उघड झाली, ती चाचणीच्या वेळी स्वच्छ आणि रस्त्यावर घाण धूर सोडणाऱ्या सॉफ्टवेअरची होती.

आणि पीयूसीत ते पकडलं जाईल असं समजू नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती गडद आहे हे पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही, आणि डोळ्यांना किंवा त्या यंत्राला न दिसणारे अतिसूक्ष्म कणही सुटतात. जाळी काढलेली तुलनेने नवी गाडी त्यामुळे पास होऊ शकते. नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षी जुलैपासून ठरावीक डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली, ती याच कारणाने. 'पीयूसी नाही तर इंधन नाही' ही घोषणा मला आवडते, पण प्रमाणपत्राची सक्ती वाढवण्याइतकीच ते कशाचं प्रमाणपत्र आहे याचीही चर्चा व्हायला हवी. नागपूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं, म्हणजे मानकं न पाळू शकलेल्या शहरांपैकी एक आहे. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग, ४४ आणि ५३, इथे भेटतात. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, रस्त्याची धूळ, कचरा जाळणं हे सगळं आहेच, सगळा दोष ट्रकवर टाकणं चुकीचं ठरेल. तरी हवेतल्या सूक्ष्म कणांची भारताची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ आहे, हे अंतर लक्षात घेतलं तर कापलेल्या प्रत्येक जाळीची किंमत कळते.

कायद्याबद्दल थोडक्यात. कारखान्यातून आलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडून गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असे बदल अडचणीचे ठरतात. लायसन्स ड्रायव्हरचं जातं, बदल मात्र अनेकदा मालकाच्या सांगण्यावरून झालेला असतो. घरच्यांनी हे मालकाशी बोलताना लक्षात ठेवावं.

गॅरेजमधला माणूस

हे पाइप बनवणारा आणि जोडणारा पोरगा कोणाच्या हिशेबात नसतो. वेल्डिंगचा धूरही त्याच संस्थेने २०१७ मध्ये पहिल्या गटात टाकला. स्टेनलेस स्टील वेल्ड करताना क्रोमियम आणि निकेलचा धूर निघतो, गॅल्व्हनाइज्ड पाइपवर जस्ताचा. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. त्याला मलेरिया किंवा व्हायरल समजून औषधं घेतली जातात. काम करताना शटर अर्धं ओढू नका, पंख्याने धूर तोंडापासून दूर ढकला, साध्या रुमालावर विसंबू नका. जुनी गॅस्केट घासून काढताना ती आधी ओली करा, कारण जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ फुंकरीने उडवणं सगळ्यात वाईट.

चटका बसला तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. फोड फोडू नका. मधुमेह असलेल्याच्या पिंढरीवरचा लहानसा चटकाही डॉक्टरांना दाखवा, तो महिनोन्‌महिने चिघळतो.

गाडीला आधीच बदल केलेला असेल तर घरच्यांनी भांडण न करता एवढं पाहायला लावावं. सकाळी थंड इंजिन चालू करताना 'टिक-टिक' किंवा 'फुस-फुस' आवाज येतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो का? जोडाभोवती काळी काजळी दिसते का? एसी लावला की डिझेलचा वास वाढतो का? यातलं एक जरी असेल तर मूळ मॅनिफोल्ड आणि नवी गॅस्केट बसवून घ्या, केबिनच्या तळाची भोकं आणि गिअरचं रबर बंद करा. तोवर इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपायचं नाही, आणि चालवताना एसीला बाहेरची हवा घेणाऱ्या बाजूला ठेवायचं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात आणि ऑनलाइन मिळतो. केबिनमध्येच झोपणाऱ्यांनी तो घेण्यासारखा आहे, पण तो काजळी किंवा नायट्रोजन ऑक्साइड ओळखत नाही. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्या ड्रायव्हरने वर्षातून एकदा फुंकर मारायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.